शेंगेन व्हिसा आणि स्कँडिनेव्हियाची सहल: आपापले अनुभव लिहा

पुढच्या जूनमध्ये डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे करायचं घरात ठरलंय. आम्ही दोघं, दहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. (सासूबाई शुद्ध शाकाहारी, गुडघे बेताचे, उत्साह आमच्या तिघांपेक्षा जास्त.) व्हिसा नेमका कुठल्या देशाकडे मागायचा, कोणते कागद खरंच बघितले जातात, तिकडे पैसे कुठे सार्थकी लागले आणि कुठे उगाच गेले, हे ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा. 'मस्त झाली ट्रिप' एवढ्यावर सोडणार नाही!

ठाणेकर

ताई, आधी कागद-पेन घेऊन रात्री मोजा. तिन्ही देश शेंगेनमध्ये (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहेत म्हणून व्हिसा एकच, पण अर्ज जिथे मुक्काम सगळ्यात जास्त त्या देशाकडे करायचा. मुक्काम सारखाच असेल तर जिथून आत शिरणार त्या देशाकडे. आमचं विमान कोपनहेगनला उतरणार होतं म्हणून एजंट 'डेन्मार्क, डेन्मार्क' करत होता. रात्री मोजल्या तर नॉर्वेचं पारडं जड. अर्ज नॉर्वेकडेच केला. त्यांचा फॉर्म आणि शुल्क ऑनलाइन भरायचं, मग कागद आणि बोटांचे ठसे द्यायला व्हिसा केंद्रात जायचं.

शुल्क जून 2024 पासून मोठ्यांना 90 युरो आहे, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना निम्मं. केंद्राचे पैसे वेगळे. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, फोटो मात्र लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, पण ते 45 पर्यंत ताणू शकतात. जूनला जायचं तर मे महिन्यात धावाधाव नको, उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाही. आणि तेवढे दिवस पासपोर्ट त्यांच्याकडे असतो, मधेच दुबईचं लग्न वगैरे असेल तर विसरा.

फाईलमध्ये काय होतं: पगाराच्या पावत्या, रजेचं पत्र, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रं, 30,000 युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा, हॉटेलं आणि विमानाचं आरक्षण. सगळ्यांवर एक पत्र आणि एक तक्ता. तारीख, शहर, मुक्काम, पुढचा प्रवास कशाने. तो तक्ता करायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि माझं मत विचाराल तर तोच खरा अर्ज. हॉटेलची तारीख, विम्याची तारीख, रजेच्या पत्रातली तारीख एकमेकांशी जुळली की बघणाऱ्याला प्रश्न पडायला जागा उरत नाही. शिवाय सहलीचं नियोजनही तिथेच पूर्ण होतं, नंतर वेगळं काही करावं लागलं नाही.

आजी, सध्या गोथेनबर्ग (स्वीडन)

आमचा मुलगा-सून इथे असतात, म्हणून आमचं प्रकरण थोडं निराळं. मुलाने निमंत्रणाचा फॉर्म भरून पाठवला, सोबत त्याचा तिथल्या लोकनोंदणीचा दाखला, पगाराचे कागद आणि पासपोर्टची प्रत. मी म्हटलं, स्वतःच्या आईबापाला बोलवायला एवढी कागदं? पण ह्यांची पेन्शन आणि आमची ठेव आम्हीही दाखवलीच. नुसतं 'मुलगा करेल' म्हणून जाऊ नये. परत येण्याचं कारण भारतात दिसायला हवं: घर, पेन्शन, दुसरी मुलगी पुण्यात, असं पत्रात साधं सरळ लिहिलं.

ठशांच्या वेळी गंमत झाली. माझ्या बोटांचे ठसेच उमटेनात. ती मुलगी पुन्हा पुन्हा काच पुसतेय, मी पुन्हा पुन्हा बोटं दाबतेय. शेवटी म्हणाली, आजी, हात धुऊन थोडं क्रीम लावून या. मग आले एकदाचे. तुमच्या सासूबाईंना आठवडाभर आधीपासून हाताला तेल-क्रीम लावायला सांगा. हे ठसे 59 महिने चालतात म्हणे, म्हणजे पुढच्या वेळी ही कसरत बहुधा नाही.

दुकानदार, कोल्हापूर

नोकरी नसलेल्यांसाठी लिहितो. माझा पहिला अर्ज नाकारला गेला. नकाराचा कागद छापील असतो, कारणांच्या रांगेपुढे खूण. माझ्यापुढे खूण होती ती प्रवासाचा हेतू आणि मुक्कामाची परिस्थिती पुरेशी सिद्ध झाली नाही, या कारणापुढे. वाचून राग आला, पैसे गेले ते गेलेच. दाद मागता येते, पण मला नवा अर्ज सोपा वाटला. त्यात जीएसटीची नोंदणी आणि विवरणपत्रं, दुकानाचं लायसन्स, चालू खात्याचं स्टेटमेंट वेगळं, बचत खात्याचं वेगळं, मी नसताना दुकान कोण बघणार याची दोन ओळींत माहिती, हे सगळं जोडलं. पहिला नकार फॉर्ममध्ये लपवला नाही, तो त्यांच्या यंत्रणेत दिसतोच. दुसऱ्यांदा मिळाला.

अर्जाच्या आधी खात्यात अचानक मोठी रक्कम आणून ठेवू नका. मेहुण्याकडून आठ दिवसांसाठी उसने घेतलेले लाख दोन लाख स्टेटमेंटवर लगेच उठून दिसतात.

भटक्या फोटोग्राफर

स्वालबार्डचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर नीट वाचा. तो पार उत्तरेकडचा बेटांचा समूह नॉर्वेचाच, पण शेंगेनच्या बाहेर. तिथे उतरायला व्हिसा लागत नाही, मात्र विमान ऑस्लो नाहीतर उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोवरून जातं. म्हणजे तिकडे गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात आणि परतताना पुन्हा आत शिरणार. सिंगल एन्ट्री व्हिसावर परतीचा रस्ता बंद. अर्जातच एकाहून अधिक प्रवेश मागा आणि कारण लिहा. फेरो बेटं आणि ग्रीनलँडही शेंगेनमध्ये नाहीत, त्यांचा उल्लेख डेन्मार्कच्या अर्जात वेगळा करावा लागतो.

पासपोर्टवरचं व्हिसाचं स्टिकर हातात आल्यावर दोन गोष्टी तिथल्या तिथे तपासा: व्हिसा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आहे आणि आत राहायचे दिवस किती. या दोन्ही एकच नव्हेत. तारखांचा पट्टा मोठा असतो, राहायचे दिवस कमी.

कोपनहेगनवासी (मूळ नाशिक)

सासूबाईंच्या डब्याबद्दल आधी. युरोपीय संघाबाहेरून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे, नॉर्वेतही तेच. म्हणजे साजूक तूप, पेढे, बर्फी नको. भाकरवडी, चिवडा, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, पोह्यांचा चिवडा चालतो. तूप नाही म्हणून हळहळायचं कारण नाही, इथलं लोणी उत्तम असतं. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला कढवून देते.

भारतीय हॉटेलात रोज जेवलात तर खिसा रिकामा होईल. स्वयंपाकघर असलेली अपार्टमेंट घ्या आणि नेट्टो, रेमा 1000, लिडल यांसारख्या दुकानांतून भाजी, दही, ब्रेड आणा. फलाफल (छोल्यांचे तळलेले वडे) जवळपास सगळीकडे मिळतं. पाणी विकत घेऊ नका, नळाचं बिनधास्त प्या. बाटली घेतलीच तर तिच्यावर अनामत असते, दुकानातल्या यंत्रात टाकली की परत मिळते. मुलाला हे काम द्या, खूश होईल.

तिन्ही देशांचा क्रोन वेगवेगळा आहे, नोटा इकडच्या तिकडे चालत नाहीत. पण रोख लागतेच कुठे? दोन कार्डं ठेवा, एक अडलं तर दुसरं. ऑरेसुंड पुलावरून स्वीडनमधलं माल्मो अर्ध्या-पाऊण तासावर आहे, सहज एक चक्कर होते. शेंगेन आहे म्हणून पासपोर्ट हॉटेलात ठेवून जाऊ नका, गाडीत तपासणी होऊ शकते. आणि छोट्या जलपरीसाठी अर्धा दिवस घालवू नका. सव्वा मीटरची मूर्ती आणि तिच्यासमोर माणसांची भिंत. तोच वेळ तिवोलीला द्या, 1843 पासूनची बाग आहे, मुलगाही रमेल.

डोंबिवलीची सून

गुडघ्यांचा प्रश्न आमच्याकडेही होता, बाबांचा. नॉर्वे त्या बाबतीत फार सोयीचं निघालं, कारण तिथे देखावा खिडकीतून दिसतो. ऑस्लोहून बर्गनची गाडी हार्डांगरविडाच्या पठारावर बाराशे मीटरच्या वर चढते, जूनमध्येही बर्फ दिसला. मिरडालला उतरून फ्लॉमची छोटी गाडी धरायची. वीस किलोमीटरमध्ये साडेआठशे मीटर खाली उतरते आणि मधे ख्योसफॉसेन धबधब्यापाशी थांबते. डब्यातले सगळे बाहेर, फोटो, तुषार, पुन्हा आत. फ्लॉमहून गुदवांगेनपर्यंत बोट, तो नॅरॉयफ्योर्ड जागतिक वारशात आहे. काही ठिकाणी इतका अरुंद की दोन्ही बाजूंचे कडे मान वर करून बघावे लागतात. बाबा डेकवर खुर्ची टाकून बसले ते उठायलाच तयार नाहीत. पुढे बसने वॉस, मग गाडीने बर्गन.

हेच टप्पे एकत्र पॅकेज म्हणूनही विकतात. मी प्रत्येक टप्प्याचं तिकीट वेगळं काढलं, लवकर काढल्यामुळे बरंच स्वस्त पडलं. बर्गनमध्ये डोंगर चढायला फ्लोइबानेन ही दोराने ओढली जाणारी रेल्वे आहे, बाबांना पायऱ्या चढाव्या लागल्या नाहीत. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, तिथे वर्षातले 200 हून जास्त दिवस पाऊस असतो आणि वाराही. ऑस्लोच्या ऑपेराच्या उतरत्या छतावर मात्र बाबा अर्ध्यातून परतले, ओल्या दगडावर पाय घसरतात.

सहल कंपनीवाला नाही, पण बाजू घेतो

इथे सगळे स्वतः नियोजन करणारेच दिसताहेत. आम्ही मराठी सहलीसोबत गेलो आणि पुन्हाही जाऊ. व्हिसाची फाईल त्यांनी लावून दिली, संध्याकाळी वरण-भात मिळाला, सामान बसमध्ये. सत्तरीच्या माणसाला ऑस्लो स्टेशनवर फलाट शोधायला लावण्यात कसली आलीय मजा? खंत एकच. स्टॉकहोमला वासा जहाजासाठी जेमतेम तास मिळाला. 1628 मध्ये पहिल्याच सफरीत बुडालेलं, 1961 मध्ये वर काढलेलं लाकडी जहाज, अख्खंच्या अख्खं समोर उभं. तिथे निदान अर्धा दिवस हवा. सहल निवडताना 'कुठे नेणार' हे विचारू नका, 'तिथे किती वेळ' ते विचारा.

ट्रोम्सो, हिवाळ्यात

जूनवाल्यांनी उत्तरेच्या प्रकाशाची (आकाशातल्या त्या रंगीत नॉर्दर्न लाइट्सची) आशा धरू नये, तेव्हा तिथे रात्रच होत नाही. ट्रोम्सोत 20 मे ते 22 जुलैच्या सुमारास सूर्य मावळत नाही. तो प्रकाश सप्टेंबर ते मार्च, तोही ढग नसतील तर. आम्हाला ढगच मिळाले.

परत कोपनहेगनवासी

एक राहिलंच. स्वीडनमध्ये मिडसमर या उन्हाळ्याच्या मोठ्या सणाची आदली संध्याकाळ 19 ते 25 जूनमधल्या शुक्रवारी येते. सगळं शहर गावाकडे जातं, दुकानं लवकर बंद होतात. स्टॉकहोम त्या दिवसांत येत असेल तर किराणा गुरुवारीच भरून ठेवा, आणि कोणतं संग्रहालय उघडं आहे ते आधी बघा.