बिग मोरोंगो कॅन्यन, कॅलिफोर्निया: एका सकाळीत पक्षी कसे बघावेत?

चातक
एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात लॉस एंजेलिसहून बिग मोरोंगो कॅन्यन प्रिझर्वला जायचंय. सोबत सत्तरीचे आईबाबा, दुर्बीण ८×४२. सुरुवात कुठून करावी? शिवाय तिथे लाव्यांच्या आणि सुतारपक्ष्यांच्या दिसायला सारख्या जोड्या आहेत म्हणतात, त्या ओळखायच्या कशा?

माळढोक
वेळ अगदी योग्य निवडलीत. एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत उत्तरेला निघालेले स्थलांतरित इथे उतरतात, कारण आजूबाजूला सगळं कोरडं आणि पाणी फक्त या खोऱ्यात. फाटक सकाळी ७:३०ला उघडतं. त्याआधी पोचलात तर शेजारच्या कोव्हिंग्टन पार्कात व्हर्मिलियन फ्लायकॅचर शोधा. लालभडक नर उघड्या फांदीवर बसतो, हवेत झेपावून किडा टिपतो आणि बहुतेक वेळा त्याच जागी परततो. दुर्बिणीची सवय नसलेल्यालाही सापडतो.

आत गेल्यावर आधी मार्श ट्रेल. फळ्यांची सपाट वाट आहे, चाकाची खुर्चीही जाते. कॉटनवुड आणि विलोच्या झाडांच्या शेंड्यांत समर टॅनेजर हा पक्षी असतो, पण पानांत दिसत नाही. ‘पिटी-टक, पिटी-टक’ ऐकू आलं की तिथेच थांबून मान वर करा. कोरड्या वाटा आधी आणि ओली नंतर असं करू नका. दहानंतर झाडीतले आवाज मंदावतात.

सुगरण
जोड्यांबद्दल. लाव्याचं पोट बघा. कॅलिफोर्निया क्वेलच्या पोटावर खवल्यांची नक्षी असते. गॅम्बेल्सच्या नराच्या फिक्या पोटावर काळा डाग आणि डोक्यावर तांबूस टोपी. तुरा दोघांनाही असतो, त्यावर जाऊ नका. पहिला चॅपरलच्या, म्हणजे दाट झुडपांच्या बाजूचा, दुसरा वाळवंटाचा.

सुतारपक्ष्यांत मानेखालचा भाग निर्णायक. नटॉल्सच्या पाठीचा वरचा भाग सलग काळा असतो, लॅडर-बॅक्डचे पांढरे पट्टे मानेपर्यंत जातात. नटॉल्सचा चेहराही जास्त काळा. मात्र दोघांचा संकर होतो. खुणा सरमिसळ दिसल्या तर ओढूनताणून नाव देऊ नका, नोंद ‘नटॉल्स किंवा लॅडर-बॅक्ड’ अशीच करा.

आणि फेनोपेप्ला चुकवू नका! शिपाई बुलबुलासारखा तुरा, पण नर चकचकीत काळा, डोळे लाल, उडताना पंखांत मोठे पांढरे डाग. मेस्किटच्या काटेरी झाडावरचं बांडगूळ शोधा, तो तिथेच असतो. आपल्याकडे फुलटोचा करतो तेच काम इथे हा करतो: फळ खातो, चिकट बी विष्ठेतून फांदीवर पडतं आणि तिथेच रुजतं. बांडगुळाखालच्या फांद्यांवर विष्ठेचे थर दिसले तर दहा मिनिटं गप्प उभे राहा.

चातक
आभार! चॅपरलसाठी वर चढावं लागेल का? आणि आवाज ओळखणारं ॲप चालेल?

निवडुंग
चॅपरल म्हणजे जाड, कडक पानांची दाट झुडपं. त्यातला कॅलिफोर्निया थ्रॅशर बाकदार चोचीने जमिनीवरचा पालापाचोळा उकरतो, म्हणून झुडपाच्या बुडाशी बघा. तो सकाळी झुडपाच्या टोकावर बसून गातो तेव्हाच नीट दिसतो. आईबाबांना चढावर नेऊ नका. त्यांना हमिंगबर्डसाठी टांगलेल्या साखरपाण्याच्या फीडरपाशी बसवा आणि तुम्ही यक्का रिज ट्रेलवर जाऊन या. फीडरवर कोस्टाज हमिंगबर्डचा नर जांभळा दिसतो, गळ्याचा रंग दोन्ही बाजूंना मिशांसारखा लांब जातो. ॲनाज हमिंगबर्डचा नर गुलाबी. रंग उन्हाच्या कोनावर ठरतो, सावलीत दोघेही काळेच दिसतात, तेव्हा मिशांचा आकार बघा.

ॲप ऐकायला वापरा, पण पक्ष्याला बोलवायला आवाज वाजवू नका. इथे लीस्ट बेल्स व्हिरिओ हा छोटा पक्षी घरटं करतो, १९८६पासून तो अमेरिकी संघराज्य सरकारच्या संकटग्रस्त यादीत आहे. खोट्या प्रतिस्पर्ध्यामागे धावणारा नर तेवढा वेळ घरटं सोडतो. शिवाय ॲपने सुचवलेलं नाव डोळ्यांनी पडताळल्याशिवाय यादीत घालू नका, मॉकिंगबर्ड दुसऱ्यांच्या नकला करतो.

पाणी माणशी किमान २ लिटर. बंद बूट घाला, हात न बघता खडकावर टेकू नका, रॅटलस्नेक असतात. चोया निवडुंगाचा तुकडा चिकटला तर बोटांनी ओढू नका, कंगव्याने उपटून फेका. कुत्र्याला प्रवेश नाही. दुपारी खिंडीतून जोराचा वारा सुटतो, पाखरं झुडपांत दडतात. अकरापर्यंत उरकून निघा.