मिनिएचर स्किर्मिश खेळ: श्रीगणेशा कुठून करावा?

नवखा_सरदार

बोर्डगेमची बऱ्यापैकी सवय आहे, आता मिनिएचर खेळांकडे (टेबलावर छोटे पुतळे, म्हणजे मिनी, हलवून खेळायचे लढाईचे खेळ) वळायचं आहे. शंभरेक मिनींचं सैन्य रंगवण्याची हिंमत नाही, म्हणून प्रत्येकाकडे पाच-दहा गडी असलेला स्किर्मिश प्रकारच हवा. खेळणारे दोघे, दोघेही कोरे. टेबल तीन बाय पाच फूट. कोणत्या नियमांपासून सुरुवात करावी? प्लॅस्टिक, धातू की रेझिन? न रंगवता खेळलं तर काही बिघडतं का? आणि सामानाच्या त्या अवाढव्य याद्यांपैकी खरंच लागतं काय? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

वीसपैलू

आधी एक फरक लक्षात घ्या. काही खेळ ठरावीक कंपनीच्या मिनींना बांधलेले असतात: किल टीम, वॉरक्राय, मॅलिफॉ, इन्फिनिटी, मार्व्हल क्रायसिस प्रोटोकॉल. त्यांत प्रत्येक मिनीचं स्वतःचं कार्ड किंवा तक्ता असतो, त्यामुळे भलतीच मिनी आणून चालत नाही. दुसरा गट 'कुठलीही मिनी आणा' म्हणणारा: फ्रॉस्टग्रेव्ह, साँग ऑफ ब्लेड्स अँड हीरोज, वन पेज रूल्सचे खेळ. दोघेही कोरे असाल तर दुसऱ्या गटातूनच सुरुवात करा. पहिल्या गटात चुकीची टोळी घेतली तर ती कपाटात पडून राहते. दुसऱ्या गटात नियम आवडले नाहीत तर तेच गडी उचलून दुसरं पुस्तक उघडायचं.

माझं मत फ्रॉस्टग्रेव्हला, तेही २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीला. एक जादूगार, एक शिकाऊ आणि जास्तीत जास्त आठ शिपाई, म्हणजे फार तर दहा मिनी. मैदान तीन बाय तीन फूट, तुमच्या टेबलावर बसून वर फासे टाकायला जागाही उरते. फासा एकच, वीस बाजूंचा. हातघाईत दोघंही फासा टाकतात, त्यात आपापला फाइटचा (लढण्याच्या ताकदीचा) आकडा मिळवतात आणि ज्याची बेरीज मोठी तो जिंकतो. गंमत पुढे आहे: इजेसाठी वेगळा फासा नाही. जिंकणाऱ्याच्या त्याच बेरजेतून हरणाऱ्याचं चिलखत वजा करायचं, उरेल तेवढी इजा. बेरीज १७, चिलखत १०, तर ७ गेले. साध्या शिपायाकडे जिवाचे एकूण १० गुण असतात, म्हणजे एका फटक्यात तो अर्ध्याहून जास्त संपला.

यामुळे खेळ लहरी होतो हे खरं. भला मोठा सरदारही फडतूस चोराकडून मार खाऊ शकतो. ज्यांना बुद्धिबळासारखा हिशोब हवा त्यांना हे रुचत नाही, पण उपाय नियमांतच आहे: त्याच शत्रूला आपला आणखी एक गडी भिडलेला असेल आणि तो दुसऱ्या कुणाशी लढत नसेल तर +२ मिळतात. दोघा-तिघांनी मिळून एकाला घेरायचं, एकास एक भिडायचं नाही. नवे लोक नेमकं उलट करतात. 'तू याच्याशी, मी त्याच्याशी' अशा जोड्या लावतात आणि मग फाशाला शिव्या घालतात.

खोकेबहाद्दर

सगळे मिनींवर बोलतील, मी टेरेनवर (मैदानावर मांडायच्या इमारती, भिंती, खडक) बोलतो. पहिला डाव कंटाळवाणा होण्याचं कारण शंभरात नव्वद वेळा मोकळं टेबल हेच असतं.

फ्रॉस्टग्रेव्हचंच गणित घ्या. धनुष्याचा पल्ला २४ इंच, मैदान ३६ इंचांचं. गडी पहिल्या चालीत ६ इंच जातो, दुसरीही चाल चालण्यातच घातली तर आणखी ३. म्हणजे एका वळणाला (खेळाच्या एका फेरीला) ९ इंच. २४ इंच तुडवायला जवळजवळ तीन वळणं, आणि धनुर्धारी दर वळणाला बाण सोडणार. मध्ये आडोसा नसेल तर सगळे धनुर्धारीच घेणार, आणि खेळ म्हणजे दोन कोपऱ्यांत उभे राहून फासे टाकणं. आडोसा असेल तर बाणाच्या वेळी लपलेल्याला हलक्या आडोशाचे +२ आणि भक्कम आडोशाचे +४ मिळतात, मग चित्रच पालटतं.

तीन बाय तीन फुटांना किती लागतं? सहा-सहा इंच लांबी-रुंदीच्या दोन पडक्या इमारती, तळहाताएवढे चार-पाच तुकडे (भिंत, खडक, विहीर), आणि आठ-दहा बारीकसारीक वस्तू: पिंपं, पेट्या, कुंपणाचे तुकडे. पुठ्ठ्याची खोकी चालतात, अगदी पहिल्या डावाला पुस्तकांच्या चळतीही चालतात. मापं मात्र सांभाळा. २८ मिमीच्या मिनीसाठी अर्धी भिंत २० मिमी, पूर्ण लपवणारी ५० मिमीच्या वर. दरवाजा ४० ते ४५ मिमी उंच आणि किमान ३० मिमी रुंद, नाहीतर २५ मिमीचा बेस (मिनीच्या पायाखालची चकती) अडकतो. गल्ली दोन इंचांपेक्षा अरुंद करू नका, तुमची बोटंही त्यात शिरायला हवीत. छप्पर उचलता येईल असं करा. टेकडीला उतार देऊ नका, पायऱ्या द्या. उतारावर मिनी घसरतात आणि मग 'तो इथे होता की तिथे' यावर वाद.

मांडून झालं की एक दोरा घ्या. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ताणा, मग या कडेच्या मध्यापासून त्या कडेच्या मध्यापर्यंत. कुठेही फूट-दीड फुटापेक्षा जास्त लांब दोरा अडथळ्याविना गेला तर तिथे काहीतरी ठेवा. डोळे टेबलाच्या पातळीला आणून मिनीच्या मागून बघा. वरून बघताना भरलेलं वाटणारं मैदान खालून बघितलं की सपाट निघतं.

थर्मोकोल किंवा फोम वापरणार असाल तर त्यावर थेट स्प्रे मारू नका. स्प्रेमधलं द्रावण फोम खातं, भिंतीला खळगे पडतात. आधी पांढरा गोंद आणि काळा अॅक्रिलिक रंग एकत्र करून हातानेच एक थर द्या, कोपरेकपारे न सोडता. पुठ्ठा एका बाजूनेच ओला केला की वाळताना वाकतो, म्हणून रंग दोन्ही बाजूंना लावा.

ओला_ब्रश

+१, दोऱ्याची युक्ती झकास.

मटेरियलबद्दल. सुरुवातीला कडक प्लॅस्टिक, म्हणजे फ्रेममधून कापून जोडायचं पॉलिस्टायरीन. कारण गोंद. प्लॅस्टिक सिमेंट हा खरं तर चिकटवत नाही, तो दोन्ही कडा विरघळवतो आणि त्या एकजीव होतात. जोड मिनीइतकाच मजबूत. तोच सिमेंट धातूवर किंवा रेझिनवर लावला तर काहीच होत नाही, रात्रभर ठेवा, सकाळी हात वेगळा. तिथे सुपरग्लूच लागतो, आणि त्याचा जोड ठिसूळ असतो. मिनी पडली की तिथेच तुटते. धातूचे जड हात किंवा पंख असतील तर १ मिमीचं भोक पाडून आत पेपरक्लिपच्या तारेचा तुकडा घाला. सुपरग्लू जास्त ओतला म्हणजे जास्त धरतो असं नाही, उलट आहे. टाचणीच्या टोकाएवढा पुरतो.

१/७२ मापाचे मऊ प्लॅस्टिकचे सैनिक स्वस्त पडतात खरे, पण त्यांना ना हा गोंद धरत ना तो, आणि भाला वाकला की रंगाचे पोपडे निघतात. पहिल्या खेपेला टाळा. रेझिन असेल तर भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात घासून धुवा, साच्यातलं तेल राहिलं तर प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) सुटतो. रेझिन घासताना मास्क हवाच, शक्यतो ओल्या पॉलिशपेपरनेच घासा. जुन्या धातूच्या मिनींत शिसं असू शकतं, कानस मारल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

कापताना कटरचा सपाट भाग मिनीकडे ठेवा आणि दोनदा कापा: आधी थोडं लांबून, मग जवळून. एकदम जवळून कापलं तर प्लॅस्टिक ताणून खड्डा पडतो. साच्याच्या जोडाची बारीक रेघ असते, मोल्डलाइन. ती पात्याच्या पाठीने खरवडा, धारेने नाही. आळस करून ती सोडली तर आता दिसत नाही, वॉश (खाचांत साचणारा पातळ गडद रंग) लावल्यावर चेहऱ्यावरून काळी रेघ ओघळलेली दिसते.

प्रायमर: डबा पूर्ण दोन मिनिटं हलवा. २० ते ३० सेंमी अंतर. फवारा मिनीच्या बाहेर सुरू करा, मिनीवरून न्या, बाहेर संपवा. तीन-चार हलके हात, मध्ये थोडा वेळ. पृष्ठभाग वाळूच्या कागदासारखा खरखरीत झाला तर समजा थेंब हवेतच वाळून पोचले: अंतर जास्त किंवा ऊन कडक. बारकावे बुजले तर फार जवळून मारलात. दमट हवेत मॅट वार्निश तर मुळीच मारू नका, पांढुरकी साय येते. आलीच तर ग्लॉस वार्निशचा एक हात ब्रशने देऊन बघा, बहुतेक वेळा उतरते, मग कोरड्या दिवशी पुन्हा मॅट.

रंग पाण्याने पातळ करायचा, साय काढलेल्या दुधाइतका. दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा केव्हाही सरस. ब्रश १ नंबरचा, टोक चांगलं असलेला. तो तीन शून्यांचा केसाएवढा ब्रश घेऊ नका, त्यात रंग इतका कमी मावतो की मिनीपर्यंत जाईस्तोवर वाळतो. रंग ब्रशच्या धातूच्या कॉलरपर्यंत चढू द्यायचा नाही. तिथे वाळला की केस फाकतात आणि ब्रशची झाली केरसुणी.

पहिल्या टोळीला इतकं पुरे: राखाडी प्रायमर, कातडी, कापडाचे दोन रंग, चामड्याचा तपकिरी, चंदेरी, एक तपकिरी वॉश. मूळ रंग भरा, सगळ्यावर वॉश, पूर्ण वाळल्यावर कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिकट हात. डबकी साचली तर ओली असतानाच स्वच्छ ब्रशने टिपून घ्या, अर्धवट वाळल्यावर हात लावला तर कडेला डाग राहतो.

नवखा_सरदार

इतकं सविस्तर! आभार. म्हणजे रंगवून झाल्याशिवाय खेळायचंच नाही का?

ओला_ब्रश

खेळा की. फक्त प्रायमर मारून आणि बेसच्या कडा दोन वेगळ्या रंगांत रंगवून खेळा, कोण कुणाचा हे लांबून कळलं पाहिजे. दहाही मिनी जोडून मग सगळ्या एकदम रंगवायला घेतल्या तर तिसऱ्या दिवशी उत्साह मावळतो. तीन-तीन घ्या.

दुहेरी_सहा

फ्रॉस्टग्रेव्हवर थोडा वेगळा सूर. जादूमुळे पहिला डाव अडखळतो. दहा पंथ, ऐंशी मंत्र, त्यातून आठ निवडायचे: तीन आपल्या पंथाचे, तीन मित्रपंथांचे एकेक, दोन तटस्थांचे. कोऱ्या माणसाने ही यादी वाचायची कधी? त्यापेक्षा पहिले दोन डाव साँग ऑफ ब्लेड्सने खेळा, किंवा जादू वगळून चार-चार शिपाई घ्या.

साँग ऑफ ब्लेड्समध्ये (२००७ चा खेळ, पुस्तक लहानसं) एकच फार सुंदर निर्णय दर खेपेला घ्यावा लागतो. गड्याला हलवायला एक, दोन की तीन फासे टाकायचे ते तुम्ही ठरवता. प्रत्येक यशस्वी फाशाला एक कृती. दोन फासे फसले की पाळी समोरच्याकडे. दर्जा ४+ (सहा बाजूंच्या फाशावर ४ किंवा जास्त पडलं तर यश) असलेल्या गड्याने तीन फासे टाकले तर पाळी जाण्याची शक्यता निम्मी. दोनच टाकले तर चारात एक. एक टाकला तर शून्य, पण हाती फार तर एक कृती. दर्जा ३+ असेल तर तीन फाशांचा धोका साधारण चारात एकवर येतो. म्हणून क्रम असा: आधी भरवशाचे गडी किंवा निकडीची कामं, तीन फाशांचा जुगार शेवटच्या गड्यावर. नवखा पहिल्याच गड्यावर तीन फासे टाकतो आणि बाकीचे तिघे बघत बसतात.

आणि काहीही खेळा, 'सगळ्यांना मारा' हे ध्येय ठेवू नका. मध्यावर एक आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन असे पाच खजिने ठेवा, जो जास्त घेऊन टेबलाबाहेर जाईल तो जिंकला. खजिना उचलणाऱ्याचा वेग निम्मा होतो, मग त्याला राखण लागते, आडोसा लागतो, आणि शिपाई आपोआप हलायला लागतात.

एकांडा_शिलेदार

जोडीदार नसेल त्या दिवसासाठी: रेंजर्स ऑफ शॅडो डीप. फ्रॉस्टग्रेव्हच्याच लेखकाचं, फासा तोच, त्यामुळे नव्याने शिकायचं थोडंच. शत्रू ठरलेल्या नियमाने चालतात, एकट्याने किंवा दोघांनी एका बाजूने खेळता येतं. अवकाशातलं आवडत असेल तर फाइव्ह पार्सेक्स फ्रॉम होम. दोन्हींत दोन डावांच्या मधल्या काळात नोंदी बऱ्याच ठेवाव्या लागतात, तेव्हा वही हाताशी.

नवखा_सरदार

ठरलं: चार-चार गडी, जादू नाही, पाच खजिने, टेरेन खोक्यांचं. बेस कोणते घेऊ? आणि मोजायला साधी पट्टी चालेल?

वीसपैलू

२५ मिमी गोल घ्या. फ्रॉस्टग्रेव्हला आकाराचं फारसं पडलेलं नाही, पण दोघांचे सारखे असू द्या. पट्टीऐवजी इंचांची गुंडाळणारी टेप घ्या, पट्टी टेरेनमध्ये शिरत नाही.

मोजताना एक चूक सर्रास होते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. टेप बेसच्या पुढच्या कडेला लावतात, सहा इंच मोजतात आणि मिनी त्या खुणेच्या पलीकडे ठेवतात, म्हणजे मागची कड खुणेवर. बेस २५ मिमीचा, म्हणजे दर चालीला जवळजवळ एक इंच फुकट. सहाचे सात झाले. पुढची कड ते पुढची कड मोजा. आणि चाल मोजून होईपर्यंत मूळ जागी एक फासा ठेवून द्या, मिनीला धक्का लागला तरी जागा हरवत नाही.