प्रतिसाद: तालुक्याला रोलर हॉकीची लीग?

भाऊ, तुम्ही म्हणता तालुक्याला रोलर हॉकीची, म्हणजे चाकाच्या स्केट्सवरच्या हॉकीची, रिंक (खेळायचं मैदान) नाही, मग कॉलेजांची लीग कशी होणार. अमेरिकेतली कॉलेजं लांबलांबची, म्हणून तिथे संघ शनिवार-रविवारी एकाच ठिकाणी जमून बरेच सामने उरकतात. आपल्यालाही तेच परवडेल. दर आठवड्याला यवतमाळ-दारव्हा एसटीनं हेलपाटे कोण घालणार?

जागा म्हणाल तर जिनिंगचं आवार. कापसाचा हंगाम सरला की काँक्रीट मोकळं. ४० बाय २० मीटर सहज निघतं, कडेला फळ्या ठोका. पण झाडू आधी! सरकीची तूस बेअरिंगात गेली की चाक फिरतच नाही. टाचणीनं एकेक धागा ओढून काढावा लागतो, त्यात अर्धी सकाळ जाते.

आणि चेंडूऐवजी चपटी पक, म्हणजे चकती, घेऊ नका राजेहो, खडबडीत काँक्रीटवर ती उभी राहून भलतीकडंच पळते. चेंडूचा, चार चाकी स्केट्सचा खेळच बरा. तो १९९२ला बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये प्रदर्शनीय खेळ होता. गोलरक्षक धरून पाचच पोरं लागतात, बदली वेगळे. उन्हाळ्यात मात्र सामने सकाळी नऊच्या आत नाहीतर दिवेलागणीनंतर. गोलरक्षकाचे पॅड दुपारी घालून पाहा म्हणजे कळेल.