रेडिएटरचं पाणी गायब होतंय, खाली थेंब नाही. हेड गॅसकेटच गेलंय का?

घाटवाट_चिपळूण
नमस्कार मंडळी. गाडी २००३ ची, पेट्रोल, तीन सिलिंडर, वडिलांची आहे त्यामुळे विकायचा प्रश्नच नाही. पाणी कमी होतंय पण खाली ओल दिसत नाही. गावात फिरवली तर तापमानाचा काटा मध्यावरच असतो, कुंभार्ली घाट चढायला लागलो की अर्ध्यात काटा वर जातो आणि थांबून बॉनेट उघडलं की रेडिएटरची रिझर्व्ह टाकी तुडुंब आणि त्यात बुडबुडे. सकाळी पहिल्या सेल्फला थोडा वेळ थरथरते, एक सिलिंडर मारत नसल्यासारखी, मग नीट होते. ऑइलच्या झाकणाखाली पिवळट मलई आहे, ती बघूनच फिटर म्हणाला हेड गॅसकेट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मधला सील) उडालंय, गाडी सोडून जा, हेड उतरवतो. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल मात्र स्वच्छ. हेड उतरवायच्या आधी खात्री कशी करायची?

पाना१३_कोल्हापूर
एवढ्या मलईवर हेड उतरवू देऊ नका. कोकणातल्या पावसात गाडी जवळजवळच्या फेऱ्या मारत असली की इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ झाकणाच्या गार पत्र्याला धरते आणि ऑइलमध्ये घोटली जाऊन अशी मलई होते, चांगल्या इंजिनातसुद्धा. पण डिपस्टिक स्वच्छ आहे म्हणून गॅसकेट शाबूत असंही नाही, कारण गॅसकेट सिलिंडर आणि पाण्याच्या वाटेच्या मधे फुटलं तर ऑइलला काहीच कळत नाही. तुमचे बुडबुडे आणि सकाळची थरथर, या दोन गोष्टी मला जास्त खटकतात.
रात्रभर गार झालेली गाडी घ्या, रेडिएटर काठोकाठ भरा, झाकण लावून चालू करा आणि वरचा होस पाइप हातात धरा. पाणी अजून गार असताना पाइप दगडासारखा टणक झाला तर तो दाब गरम पाण्याचा नाही, सिलिंडरमधून येतोय. दुसऱ्या दिवशी तसंच झाकण काढून बघा. सुरुवातीला अडकलेली हवा निघते तिच्याकडे लक्ष देऊ नका, पण बुडबुडे थांबतच नाहीत आणि रेस दिली की वाढतात असं असेल तर समजा सिलिंडरचा गॅस पाण्यात येतोय. तिन्ही स्पार्क प्लग काढून शेजारी शेजारी ठेवा, पाणी जाणाऱ्या सिलिंडरचा प्लग धुतल्यासारखा चकचकीत निघतो. गरम गाडीचं झाकण चुकूनही उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं.

मेघा_नाशिक
दादा, सगळ्यात आधी रेडिएटरचं झाकण बदला, अगदी स्वस्त आहे. झाकणाला दोन व्हॉल्व्ह असतात, दाब वाढला की पाणी टाकीत सोडणारा आणि गार झाल्यावर परत ओढणारा. परत ओढणारा अडकला तरी टाकी भरलेली आणि रेडिएटर रिकामा असंच दिसतं. पायाखालचं कार्पेट ओलं आहे का बघा, हीटरची जाळी गळत असेल तर बाहेर थेंब दिसतच नाही. वॉटर पंपाच्या छोट्या भोकाखाली पांढरे डाग पण शोधा.
आणि पेट्रोल गाडी आहे तर पीयूसीवाल्याला विनंती करा, मशीनची नळी रेडिएटरच्या तोंडाच्या वर धरायची, पाण्यात बुडवायची नाही. हायड्रोकार्बनचा आकडा चढला तर इंजिनातला गॅस पाण्यात येतोय. मोठ्या गॅरेजमध्ये निळं द्रव असलेली नळी मिळते, त्यात हा गॅस गेला की रंग पिवळा होतो.

मालवणी_चाक
आमच्याकडे रेडिएटरमध्ये हळद टाकतात, गळती थांबते. आधी ते करून बघा ना.

पाना१३_कोल्हापूर
हळद रेडिएटरच्या बारीक भोकाला रस्त्यावर चालते हो, पण सिलिंडरच्या दाबापुढे ती टिकत नाही, उलट रेडिएटरच्या नळ्या बुजतात आणि गाडी आणखी तापते. इथे नको.

घाटवाट_चिपळूण
सगळ्यांचे आभार. झाकण नवीन लावलं, फरक नाही. कार्पेट कोरडं, पंप कोरडा. गार इंजिनात पाइप टणक होतोय. पीयूसीवाला भला माणूस निघाला, आकडा चढला आणि रेस दिल्यावर आणखी चढला. मधल्या सिलिंडरचा प्लग एकदम चकचकीत, बाकी दोन तांबूस. पण कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तिन्हीकडे जवळपास सारखंच आलं, मग?

पाना१३_कोल्हापूर
बारीक वाट असली की कॉम्प्रेशनमध्ये दिसतेच असं नाही. मधला पिस्टन टॉपला आणा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, चौथा गिअर टाकून हँडब्रेक ओढा आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले की संशय संपला, उतरवा हेड.
आता खरं लक्ष इथं द्या. नुसतं गॅसकेट बदलून हेड परत ठेवू देऊ नका. ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकतं किंवा व्हॉल्व्ह सीटच्या मधे तडकतं, आणि तडा असेल तरी बाहेरून हीच लक्षणं दिसतात. मशीन शॉपमध्ये प्रेशर टेस्ट करून घ्या, सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून वाक बघा, साधारण ०.०५ मिमीच्या वर गेला तर फेस मारावा (पृष्ठभाग मशीनवर सपाट करावा) लागतो. ब्लॉकचा माथा पण त्याच पट्टीने तपासा. बोल्टच्या भोकात पाणी ऑइल राहू देऊ नका, नाहीतर टॉर्क (बोल्ट आवळायचा जोर) खोटा लागतो. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने आवळा, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच. फिटर थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकूया म्हणेल, नवीन लावून घ्या, आणि नळाच्या पाण्याऐवजी कूलंट भरा. जुनं गॅसकेट फेकू नका, त्याचा फोटो इथे टाका, मधल्या भोकाच्या काठाला काळी रेघ कुठे गेलीय ते बघून ब्लॉकवर नेमकं कुठे बघायचं ते सांगतो.