फोन काढून घेतला तर भाऊ बरा होईल का?

कोयनाकाठ
माझा धाकटा भाऊ तीन वर्षं सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करतोय. गेल्या महिन्यात न कळवता त्याच्या रूमवर गेले. दुपारचे साडेबारा, मेसचा डबा न उघडता तसाच, आणि हा भिंतीकडे तोंड करून फोनवर. अंगठा नुसता वर वर चाललेला, एकाही रीलवर दोन सेकंद थांबत नव्हता. जवळ बसले तर रडायला लागला. झोप नाही, छातीत धडधड, पुस्तक उघडलं की हात फोनकडे. तीनदा ॲप काढून टाकलं, तीनदा परत घेतलं. माझ्या मते याच ॲपने त्याला आजारी पाडलं. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवायला बंदी केली. आपल्याकडे का नको?

नारायणपेठकर
ताई, तुमचा भाऊ १६ चा थोडाच आहे? मी अकरा वर्षं अभ्यासिका चालवतोय. पोरं खचतात ती लांबलेल्या निकालाने, दोन मार्कांनी गेलेल्या पोस्टने, गावाकडून येणाऱ्या पैशांच्या ओझ्याने. फोन नंतर येतो. २०१९ मध्ये ऑर्बेन आणि शिबिल्स्की या ऑक्सफर्डच्या संशोधकांनी साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीनांची माहिती तपासली. मुलांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकापैकी स्क्रीनच्या वाट्याला आला जास्तीत जास्त ०.४ टक्के!

रात्रपाळी
दादा, आकडा बरोबर आहे, पण तो एकूण स्क्रीन वापराचा आहे. ताई सांगतायत ते वेगळं. समुपदेशनात आम्ही तास मोजून थांबत नाही. सोशल मीडियाचं व्यसन तपासणाऱ्या बर्गेन मोजपट्टीत सहाच प्रश्न आहेत: सतत तोच विचार येतो का, वापर वाढवावासा वाटतो का, त्रास विसरायला उघडता का, कमी करायला जाऊन जमलं नाही असं होतं का, मिळालं नाही तर अस्वस्थ होता का, कामाचं किंवा अभ्यासाचं नुकसान होतं का. तीनदा काढून तीनदा घेतलेलं ॲप यात चपखल बसतं. नैराश्य आणि चिंतेशी या सुटत नसलेल्या वापराचं नातं तासांपेक्षा जास्त घट्ट दिसतं. मात्र आधी काय आलं, हे एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून ठरत नाही. उदास माणूसही फोनकडेच वळतो.

२०१८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. एका गटाने तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट प्रत्येकी दिवसाला दहाच मिनिटं वापरलं. त्यांचा एकटेपणा आणि नैराश्य घटलं. चिंता मात्र दोन्ही गटांत कमी झाली, कदाचित स्वतःच्या वापरावर लक्ष गेल्यामुळेच.

नारायणपेठकर
तिकडची १४३ मुलं, तीन आठवडे. इथे नोट्स टेलिग्रामवर, चालू घडामोडी यूट्यूबवर, मेसचा ग्रुप व्हॉट्सॲपवर. माझ्याकडच्या एका पोराने साधा फोन घेतला. दोन महिन्यांत मित्रांतून तुटला, आधीपेक्षा गप्प झाला. शेवटी मीच त्याला रोज शास्त्री रोडवर चहाला न्यायला लागलो, तेव्हा कुठे बोलता झाला. नुसता फोन काढून घेऊ नका, एवढंच माझं म्हणणं.

कोयनाकाठ
दादा, काल त्याच्याशेजारी बसून तो काय बघतो ते पाहिलं. जुन्या रूममेटची पोस्ट निघाली, त्याचा गावातला सत्कार. गुलाल, हार, शेजारी आई. एकदा थांबून बघितलं म्हणून ॲप तसलेच व्हिडिओ एकामागून एक आणून देतंय, रात्री दोन वाजतासुद्धा. दुःख आधीचं असेल, मान्य. पण त्याच्यावरची खपली रोज कोण काढतंय?

१४४१६ वर, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, त्याने स्वतः फोन केला. मराठीत बोलता आलं, पैसे लागले नाहीत. शनिवारी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतलीय. दिवसा फोन राहू दे, पण रात्री तो खोलीबाहेर ठेवायला अजून तयार नाही. भांडण न करता हे कुणाला जमलं असेल तर कसं केलंत ते सांगा.