वेढ्यातली नाणी ‘पाडली’ की ‘कातरली’?

अक्षरवेल : इंग्लंडमधील नेवार्क, १६४५-४६. यादवी युद्धात वेढ्यात अडकलेल्या, राजाच्या बाजूच्या सैन्याने चांदीची भांडी कातरून नाणी काढली. अनुवादात ‘आणीबाणीत पाडलेली नाणी’ लिहिले, तर तपासनिसाने ‘पाडलेली’वर काट मारली. म्हणे तो शब्द टाकसाळीचा. बदलावा का?

टंक : मुळीच नको. कातरल्यावर हाती येतो तो तुकडा, ठसा बसला की नाणे पडते. नेवार्कच्या तुकड्यावर एकीकडे मुकुट, राजाची आद्याक्षरे आणि खाली किंमत, दुसरीकडे गावाचे नाव व साल. ठसे होते तिथे टाकसाळ होती.

खुर्दा : पण ‘कातरलेली’ गेले की त्यांचा आकारच कळत नाही. ही नाणी पत्त्यातल्या चौकटसारखी आहेत. पत्र्यातून गोल चकत्या काढल्या की मधली चांदी उरते, ती वितळवून पुन्हा पत्रा ठोकावा लागतो. तिरक्या सरळ रेषांनी कातरले की तुकड्याला तुकडा लागून निघतो. वजन जास्त भरले तर कड छाटता येते, कमी भरले तर इलाज नाही, म्हणून तुकडा थोडा मोठाच कातरायचा. शिलिंगला साधारण ६ ग्रॅम चांदी. घाव असमान पडला की ताटावरची जुनी नक्षी पुरती मोडत नाही. काही नाण्यांवर ती आजही दिसते.

शुद्धमती : आधी ‘आणीबाणी’ काढा, वाचकाला १९७५ आठवेल. ‘संकटमुद्रा’ म्हणा.

खुर्दा : मुद्रा म्हटले की मराठी माणसाला शिक्कामोर्तब दिसते. जर्मन ‘नोटम्युन्झे’ आणि डच ‘नोडमुंट’ या दोन्हींत साधी ‘नड’ आहे. ‘नडीची नाणी’ का नको?

शुद्धमती : नड एका घराची असते, शहरावर संकट येते.

टंक : नेदरलँड्समधल्या लायडनचे काय? १५७४ च्या वेढ्यात धातू संपला, तेव्हा चर्चच्या पुस्तकांची पाने एकावर एक चिकटवून त्यांवर ठसे दाबले. ना कातरलेली चांदी, ना वितळवलेली. तरी ती नाणीच, आणि पाडलेलीच.

शुद्धमती : कागदाला नाणे म्हणणे मला पटत नाही. ‘नाणे’चे संस्कृत मूळ ‘नाणक’, त्याचा संबंध कुषाण नाण्यांवरच्या नना देवीशी लावतात, म्हणजे धातूशी.

खुर्दा : ती व्युत्पत्ती खरी धरली तरी शब्द देवीवरून आला, धातूवरून नव्हे. ‘टाकसाळ’ म्हणजे ‘टंकशाला’. त्यातला ‘टंक’ घ्या, त्याचा एक अर्थ छिन्नी. म्हणजे टाकसाळीतच कापणे आहे!

अक्षरवेल : तपासनीस आता ‘वेढ्याची नाणी’ सुचवतात, क्रियापदच नको म्हणे.

टंक : मग ती कशी झाली, हे वाचकाला कुठून कळणार?