विषय: चर्चच्या सुरक्षेचं नियोजन, आपल्यालाही बोलावलंय

नमस्कार मंडळी,

आपण गणपती, दिवाळी आणि बालवर्गासाठी ज्या चर्चचा तळघरातला हॉल वापरतो, त्या चर्चने सुरक्षेचा आराखडा करायला घेतलाय. पाळकबाईंनी मला विचारलं, "तुमच्या मंडळातलं कुणी बसेल का आमच्याबरोबर?" मी लगेच हो म्हटलं. रविवारी मी तिथेच उपासनेला असते आणि शनिवारी तिथेच तुमच्या मुलांना बाराखडी शिकवते. मला ही दोन घरं वेगळी वाटत नाहीत.

चर्च लहान आहे. रविवारी साठ-सत्तर माणसं, त्यातली निम्मी सत्तरी ओलांडलेली. पगारी रक्षक परवडणार नाही. म्हणून परवा आम्ही चौघं जण टॉर्च घेऊन इमारत फिरलो.

सगळ्यात वाईट काय निघालं, सांगते. तळघराच्या मागच्या दाराचा आडवा दांडा मी ढकलला. दार चार बोटं उघडलं आणि अडकलं. पलीकडच्या बोळात घडीची टेबलं, सतरंज्यांची गुंडाळी आणि मखराचा मोठा खोका. सगळं आपलं. जिना सोडला तर तळघरातून बाहेर पडायला तेवढं एकच दार आहे, आणि शनिवारी खाली बावीस मुलं असतात. मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसरं म्हणजे एईडी, बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र. गेल्या गणपतीत आरतीच्या वेळी एक आजी कोसळल्या होत्या, आठवतं ना? तेव्हा यंत्र ऑफिसात कुलपात होतं आणि किल्ली ज्यांच्याकडे ते घरी गेलेले. आजींना नुसती भोवळ होती म्हणून निभावलं. हृदय बंद पडलं आणि उपचार नाही मिळाले, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. त्यात अँब्युलन्स रस्त्याकडच्या पुढच्या दाराशी जाऊन थांबली, कारण 911 ला, म्हणजे इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, आपण नुसता चर्चचा पत्ता दिला. हॉलच्या जिन्याचं दार मागच्या पार्किंगमध्ये आहे हे कुणी सांगितलंच नाही.

बैठक येत्या गुरुवारी सातला. कोण येईल?

– बालवर्गाची ताई

*

ताई,

टेबलांचं पटलं. पण खरी भीती बंदुकवाल्याची आहे, ते स्पष्ट बोलू या. टेक्सासमध्ये व्हाइट सेटलमेंटच्या चर्चमध्ये 29 डिसेंबर 2019 ला हल्लेखोराला चर्चच्याच सशस्त्र स्वयंसेवकाने सहा सेकंदांत पाडलं. आपल्यातही दोघा-तिघांकडे परवाना आहे. त्यांना दाराशी उभं करा, आणि कार्यक्रम सुरू झाला की दार बंद. अनोळखी माणूस आत नको.

– खजिनदार

*

काका,

तुमची काळजी खोटी नाही. त्या सहा सेकंदांतही दोन माणसं गेली, हेही ध्यानात ठेवू या. शस्त्राचा निर्णय चर्चने पोलिसांशी आणि विमा कंपनीशी बोलून घ्यायचा. इमारत त्यांची आहे, आपण त्यात परस्पर माणसं उभी करायची नाहीत.

पण "अनोळखी माणूस आत नको" हे माझ्याच्याने होणार नाही. नगरला आमच्या चर्चच्या दारात माझे आजोबा उभे असायचे. येणाऱ्या प्रत्येकाला "जय ख्रिस्त" म्हणून हात हातात घ्यायचे, नवा असेल तर कुठून आलात, कुणाकडे उतरलात, सगळं विचारायचे. ती नुसती माया नव्हती, पाहणीही होती. टेक्सासमधल्याच कॉलीव्हिलच्या सिनेगॉगमधली, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरातली, 15 जानेवारी 2022 ची गोष्ट बघा. रब्बींनी, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंनी, आलेल्या अनोळखी माणसाला चहा करून दिला. त्याने पिस्तूल काढून चौघांना ओलीस धरलं. एकाला त्याने आधी सोडलं. उरलेल्यांसाठी शेवटी त्याच रब्बींनी त्याच्यावर खुर्ची फेकली आणि तिघंही दाराबाहेर पळाले. आधी घेतलेलं प्रशिक्षण कामी आलं, असं त्यांनी स्वतः सांगितलंय. दार कुठे आहे हे ठाऊक होतं, आणि ते उघडलं!

आणि आपल्या शेजारचं, विस्कॉन्सिनमधलं ओक क्रीक. 5 ऑगस्ट 2012, रविवार, गुरुद्वारात लंगरचा स्वयंपाक चाललेला. एक बंदूकधारी गोळ्या झाडत आला. बाहेर खेळणाऱ्या दोन मुलांनी धावत येऊन सांगितलं म्हणून कितीतरी जणांना कोठीघरात लपता आलं. सहा माणसं त्या दिवशी गेली, सातवे जखमांशी झुंजत 2020 मध्ये.

म्हणून माझी मागणी एवढीच: प्रत्येक कार्यक्रमाला काचेच्या दाराशी दोन माणसं, हातात फोन. सुरुवात झाल्यावर दार बाहेरून उघडणार नाही असं बंद, पण उशिरा येणाऱ्याला उघडायला माणूस तिथेच. एईडी हॉलच्या भिंतीवर, बिनकुलपाचं. 911 ला काय सांगायचं तो कागद फोनच्या शेजारी. आणि बालवर्गातून मूल कोण नेणार, त्याची सही. तुम्ही दाराशी उभे राहाल का, काका? मंडळातला प्रत्येक चेहरा तुम्हाला ठाऊक आहे.

– ताई

*

ताई, राहीन. गुरुवारी येतो.

– खजिनदार

*

सगळ्यांना नमस्कार. मी वाईचा. 25 जानेवारी 2005 ला मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली, अडीचशेंहून अधिक माणसं गेली. आमच्या आळीतून तेव्हा गाड्या भरून लोक मदतीला धावले होते. अरुंद वाट अडली की काय होतं, ते मला कुणी समजावून सांगायला नको. गुरुवारपर्यंत थांबू नका. मी उद्या सकाळी आठला व्हॅन घेऊन येतो. मखराचा खोका आणि सतरंज्या माझ्या गॅरेजमध्ये राहतील. टेबलं उचलायला आणखी दोघं हवेत.